अंदाजपत्रकात भिंत कुठे आहे?

महोदय,

कोकणात उतारावर घर बांधायचे तर आधी जेसीबी लावून डोंगर कापतात. घर उभे राहत आले की मागच्या कापाचा विषय निघतो. घराचा दर चौरस फुटावर ठरलेला असतो, तो काप धरून ठेवणारी संरक्षक भिंत त्यात धरलेली नसते. गुंठा स्वस्त मिळाला म्हणून खूश झालेल्याला तेव्हा घाम फुटतो.

भिंतीचा दर धावत्या फुटावर, म्हणजे लांबीवर सांगतात, आणि फसगत तिथेच होते. भिंतीवरचा मातीचा एकूण दाब उंचीच्या वर्गाने वाढतो. निव्वळ वजनावर उभ्या राहणाऱ्या दगडी भिंतीचा तळ उंचीच्या निम्म्याहून रुंद लागतो. म्हणजे पाचाऐवजी दहा फूट उंची हवी, तर दगड दुप्पट नव्हे, चौपट! मध्ये पुरेशी जागा सोडून पाच-पाच फुटांचे दोन टप्पे केले, तर हाच दगड निम्म्यावर येतो. अंगण मात्र आक्रसते.

काटकसर होते ती भलतीकडेच: भिंतीमागचा खडीचा थर आणि पाणी निघायचे पाइप. एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ. पण जुलैत पाण्याला वाट मिळाली नाही की त्याचाही दाब भिंतीवर येतो. बिनसिमेंटचा गडगा फटींतून पाणी सोडतो. सिमेंटने लिंपलेली सडपातळ जांभ्याची भिंत पोट काढते.

बांधकाम परवानगीच्या नकाशात उताराचा छेद, भिंतीची जाडी आणि निचरा दाखवणे सक्तीचे करावे. निदान कर्ज काढण्यापूर्वी खरा आकडा तरी कळेल.

– एक वाचक, चिपळूण