‘सीझफायर’ म्हणजे युद्धसमाप्ती नव्हे

‘सीझफायर’च्या बातमीला आपल्या अंकात ‘युद्ध संपले’ असा मथळा दिलेला पाहून हे पत्र लिहीत आहे. या शब्दाचा अर्थ गोळीबार थांबवणे एवढाच असून त्यात ना तह अभिप्रेत आहे, ना वादाचा निकाल. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी रीतसर लेखी शस्त्रसंधी, म्हणजे इंग्रजीतील ‘आर्मिस्टिस’, होऊनही शांतता करार आजतागायत झालेला नाही. काश्मीरमध्ये १९४९ साली तोफा थांबल्या, तरी युद्धे पुन्हा झालीच. मराठीत ‘युद्धविराम’ हा नेमका शब्द असताना तो टाळणे मला अनाकलनीय वाटते. लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाच्या या शहरात ज्यांचे माणूस सीमेवर आहे अशी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांना असा मथळा खोटा दिलासा देतो, म्हणून कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, पुणे