वीज दुपारी स्वस्त, पाणी संध्याकाळी सातला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातला विजेच्या बाजारावरचा लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा लाल पेन हातात घेऊन. एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आहे, सवय जात नाही. लेखक विद्वान आहेत, शंका नाही. वीज खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून वीज कशी विकतात, दुपारी सौरऊर्जेमुळे भाव कसा लोळतो आणि दिवेलागणीला युनिटमागे १० रुपयांच्या कमाल मर्यादेला कसा जाऊन टेकतो, हे त्यांनी सुरेख समजावलं आहे. ही मर्यादा वीज नियामक आयोग घालतो, ती २०२२ च्या एप्रिलपर्यंत २० रुपये होती, मग १२ झाली आणि २०२३ मध्ये १०, हेही सांगायला हवं होतं. नाहीतर वाचकाला वाटेल, बाजारच इतका समजूतदार आहे.

इथवर माझी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती 'ग्राहकाच्या वर्तनाचं मॉडेल' या चौकटीपासून. वेळेनुसार दर लागू झाले की ग्राहक आपला वापर आपणहून दुपारकडे सरकवेल म्हणे. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याचा पंप.

पंप! आमच्याकडे पालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि संध्याकाळी सातला येतं. पावणेआठला नळ फुसफुसायला लागतो. इमारतीखालचा हौद लहान. पाणी येत असतानाच ते वर चढवलं नाही तर हौद भरतो आणि उरलेलं पाणी पुढच्या गल्लीला जातं. तेव्हा आमचा पंप कधी चालणार हे विजेचा दर ठरवत नाही, पालिकेचा चावीवाला ठरवतो. तो या मॉडेलमध्ये कुठे आहे? मी परीक्षक असते तर एवढ्यावरच प्रबंध परत पाठवला असता. (पालिकेलाही या निमित्तानं विचारते : वीज दुपारी स्वस्त आहे, तर तुमचे पंप दुपारी चालवून आम्हाला दुपारी पाणी सोडायला काय हरकत आहे? दोन वर्षांत तीन निवेदनं दिली. पोच मिळाली, पाणी सातलाच येतं.)

लेखकांनी लंडनचा दाखला दिला आहे. तो प्रयोग मला माहीत आहे, त्याचे आकडे मी एमएस्सीच्या मुलांना अभ्यासायला देत असे. २०१३ साली सुमारे अकराशे घरांना बदलते दर लावले होते आणि ती घरं स्वखुशीनं तयार झाली होती. शिवाय महाग वेळेचा दर होता युनिटला ६७.२० पेन्स आणि स्वस्त वेळेचा ३.९९. जवळपास सतरापट! एवढ्या फरकासाठी मीही मध्यरात्री उठून इस्त्री करेन. आपल्याकडे केंद्राच्या २०२३ च्या नियमांत काय आहे? सौर तासांत किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या वेळी घरगुती ग्राहकाला किमान १० टक्के जास्त. किमान धरलं तर स्वस्त आणि महाग यांत दीडपटीचाही फरक पडत नाही. आणि लंडनमध्ये नळाला पाणी कधी येतं, हे तिथे कुणाला विचारावं लागत नाही.

माणसं आकड्यांचं ऐकतात या भ्रमात निदान वीजवाल्यांनी तरी राहू नये. ५ एप्रिल २०२० आठवतं ना? रात्री नऊला नऊ मिनिटं फक्त दिवे मालवायचे होते. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटनं घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ३१ हजारांहून जास्त मेगावॅटनं घसरली. जलविद्युत केंद्रं झटपट खाली-वर करून तंत्रज्ञांनी ग्रिड सांभाळलं, त्यांना सलाम. पण आमच्या समोरच्या काकूंनी त्या रात्री काय केलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी मेन स्विचच खाली ओढला. फ्रिज चालू ठेवा असं टीव्हीवर सांगत होते म्हणावं, तर टीव्हीही त्याच स्विचवर.

असो. मला लिहायचं होतं ते वेगळंच.

'लाखो मीटरांतून येणारा निर्दोष डेटा' असे शब्द लेखात आहेत. निर्दोष! आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी मीटर बदलायला दोन मुलं आली. (प्रीपेड स्मार्ट मीटर नको म्हणून ओरड झाली, २०२४ मध्ये प्रीपेड बारगळलं, आता तोच मीटर पोस्टपेड होऊन टीओडी, म्हणजे वेळेनुसार दराचा, या नावानं येतो. हे आपण जाणताच.) मी दारात उभी राहून जुन्या मीटरचा शेवटचा आकडा वहीत लिहून घेतला : ८४१७. त्यांच्या चिठ्ठीवरही ८४१७, तिची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. बिल आलं, तर जुना मीटर ८४७१ वर संपलेला. फरक ५४.

माझे वडील पतपेढीत हिशेबनीस होते. हिशेब जुळला नाही की ते फरकाला आधी नऊनं भागून बघत. भाग गेला तर कुणीतरी लिहिताना शेजारचे दोन अंक उलटेपालटे केले असण्याचा दाट संभव, हा त्यांचा नियम. नऊ सक चोपन्न. वडील जाऊन वीस वर्षं झाली, पण चूक त्यांनीच पकडली म्हणायची.

त्या महिन्याचा खरा वापर ८३ युनिट, बिलावर १३७. शंभरच्या आतला दर आणि एकशेएकच्या पुढचा दर यांतलं अंतर आपल्या वाचकांना मी सांगायला नको. वही, चिठ्ठी आणि दोन्ही मीटरांचे फोटो घेऊन कार्यालयात गेले. पहिल्या खेपेला उत्तर मिळालं, "सिस्टिममध्ये असंच दिसतंय मॅडम." दुसऱ्या खेपेला जुना मीटर तपासून घ्या, तपासणीचे पैसे भरा. मी म्हटलं, अहो मीटर बरोबर होता, आकडा टाकणाऱ्यानं उलटा टाकला. आणि तो मीटर आता आहे तरी कुठे? ते त्यांनाही सांगता येईना.

तिसऱ्या खेपेला खिडकीपलीकडे माझाच विद्यार्थी निघाला, २००३ च्या बॅचचा. उठून उभा राहिला, बसायला खुर्ची दिली. नऊचा नियम सांगितला तर हसला आणि म्हणाला, "मॅडम, मला पटतंय हो. पण तक्रारीचं कारण यादीतूनच निवडावं लागतं. त्यात मीटर सदोष आहे, मीटर बंद आहे, मीटर जलद आहे. आकडा चुकीचा टाकला असं कारणच नाही." मग त्यानं, बिचाऱ्यानं, दुसरं काय करणार, 'मीटर सदोष' निवडलं. संगणकानं तक्रार स्वीकारली.

आता पुढचं सांगते, कारण लेखकांना यातच रस असायला हवा. उद्या एखादा संशोधक हा डेटा मागवेल. त्यात आमच्या गल्लीत एक जुना मीटर सदोष होता अशी नोंद सापडेल. अशा दोनेकशे नोंदी जमल्या की जुने मीटर सदोष असल्याचं सांख्यिकीय दृष्ट्या सिद्ध होईल, पुढे पाच टक्के पातळीवर लक्षणीय वगैरे. त्यावर पेपर निघेल. त्या पेपरवर आपण रविवारी लेख छापाल. आणि सत्तावीस वर्षं मुकाट्यानं बरोबर चाललेला माझा मीटर कुठल्या तरी गोदामात बदनाम होऊन पडलेला असेल.

विसंगत नोंदी विश्लेषणातून वगळल्या, असं लेखक तळटीपेत सांगतात. वगळलेल्यांना बिल माफ होतं का, तेवढं त्यांना विचारून कळवावं.

जाता जाता एक. लेखासोबतच्या स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे जेमतेम वाढ दुपटीसारखी दिसते आहे. पहिल्या वर्षाच्या मुलानं असं काढलं असतं तर मी दोन गुण कापले असते. शिवाय 'तासाला अमुक मेगावॅट' अशी गोष्ट नसते. मेगावॅट हा वेग आहे, त्याला पुन्हा तासानं भागू नये. आपल्याकडे हे तपासणारं कुणी नसेल तर मी सोमवार ते शुक्रवार मोकळी असते. संध्याकाळी सात ते पावणेआठ सोडून.

कळावे,
एक वाचक

ता. क. कृपया नाव आणि गाव छापू नये. बिलाची दुरुस्ती अजून झालेली नाही, गुरुवारी चौथ्यांदा जायचं आहे. आणि तो विद्यार्थी गुणी आहे, त्याला माझ्यामुळे त्रास व्हायला नको.