अर्थ आमचा आम्ही शोधू, तुम्ही जागा द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मूल गेल्यावर आईबापांचा सरकारशी संबंध येतो तो कागदांपुरता. २१ दिवसांत मृत्यूची नोंद, रेशनकार्डावरून नाव कमी करणं, शाळेतला दाखला. अपघात असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. हे सगळं लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या रांगांत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो: असं का झालं? तो विचारायचा कुणाला, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी लालबागला राहते. आमचा मुलगा नऊ वर्षांचा होता, डेंग्यूने गेला. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. हे पत्र त्यासाठी नाही. त्याचा ताप उतरला तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं, आणि तिथून पुढे तासातासाने सगळं बिघडत गेलं. डेंग्यूत धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतो, रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि रक्तदाब कोसळतो, हे मला बऱ्याच महिन्यांनी नात्यातल्या एका डॉक्टर मुलीने वहीत आकृती काढून समजावलं. तोवर मी काय काय धरून बसले होते! त्याला दिलेला लिंबू सरबताचा पेला, गणपतीच्या गर्दीत नेलेला दिवस, सासूबाईंचा राहिलेला नवस. त्या आकृतीने दुःख कमी झालं नाही, पण रात्री स्वतःवर चालणारा खटला थांबला.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. मूल दगावल्यावर काही आठवड्यांनी त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी कुणीतरी आईवडिलांना बोलावून, समोर बसवून, काय झालं ते मराठीत सांगावं. त्या वेळी वॉर्डात जे सांगितलं जातं ते कानावर पडतं, आत जात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंचं अन्वेषण करण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१४ मध्येच काढल्या आहेत. त्यात घरी येऊन आईकडून माहिती घेतात, फॉर्म भरतात, फॉर्म वरच्या समितीकडे जातो. चांगलंच आहे. मग त्यातून जे समजलं ते त्या आईलाही घरी येऊन सांगा. आणि सहा, नऊ, चौदा वर्षांच्या मुलांची आईसुद्धा आईच असते.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. आम्हाला अर्थ शिकवणारे फार भेटतात. 'देवाला आवडली ती माणसं लवकर जातात.' 'मागच्या जन्मीचं देणं होतं, फिटलं.' 'दुसरं होईल, वय आहे अजून.' बापांना तर एवढंही मिळत नाही. त्यांना फक्त 'बायकोला सांभाळ' म्हणतात. लोकलच्या लेडीज डब्यात शेजारची सहज विचारते, मुलं किती? त्यावर काय सांगायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०१० साली अमेरिकेत मूल गमावलेल्या १५६ आईवडिलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ४५ टक्के लोकांना आपल्या मुलाच्या मृत्यूचा काहीच अर्थ लावता आला नव्हता. ज्यांना लागला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो देवाधर्मात शोधला होता. आणि या दुःखातून काही चांगलं निघालं का, असं विचारल्यावर सर्वाधिक आलेली उत्तरं इतरांना मदत करावीशी वाटण्याची, त्यांचं दुःख कळू लागण्याची होती. मी त्या ४५ टक्क्यांतली. माझा नवरा बहुधा दुसऱ्या बाजूचा. पावसाळा आला की तो चाळीतली पोरं घेऊन गच्चीवरचे डबे, टायर, ताडपत्र्यांतलं पाणी उपसत फिरतो. याला अर्थ-बिर्थ म्हटलेलं त्याला खपत नाही.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या खड्ड्याने २०१५ मध्ये दादाराव बिल्होरे यांचा मुलगा प्रकाश गेला. तेव्हापासून ते मुंबईतले खड्डे स्वतः बुजवतात. त्यांच्या बातम्या येतात, सत्कार होतात. मला मात्र दर वेळी वाटतं, बापाने खड्डा बुजवणं ही महानगरपालिकेची शोभा आहे का? बापाला त्यात काही मिळत असेल तर ते त्याचं. प्रशासनाने त्याला हार घालून स्वतःची सुटका करून घेऊ नये.

आमच्या शेजारच्या परळमध्ये, बीआयटी चाळीत, बाबासाहेब आणि रमाबाईंचा संसार होता. त्यांची चार मुलं लहानपणीच गेली. राजरत्न शेवटचा, जुलै १९२६ मध्ये. त्यानंतर बाबासाहेबांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात आयुष्याला तण माजलेल्या बागेची उपमा दिली. पुढच्याच मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. या दोन गोष्टी भाषणात जोडायला सोप्या आहेत. मला तो धागा जोडवत नाही. एवढं कार्य उभं करणाऱ्यालाही ते दुःख झाकता आलं नाही, याचाच मला आधार वाटतो.

अवयवदानाबद्दलही तेच. अल्पवयीन मुलाचे अवयव द्यायचे तर कायद्याने आईबापांची संमती लागते. ज्यांनी दिली त्यांतल्या कित्येकांना त्यातच अर्थ सापडतो. पण जे नाही म्हणतात त्यांना कमी लेखू नका, आणि जे हो म्हणतात त्यांचे फोटो मूल घरी पोचायच्या आत छापू नका.

तुम्ही म्हणाल, मानसिक आधारासाठी सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. आहे, आणि मध्यरात्री तो उपयोगी पडतो. पण फोनवरचं माणूस आणि समोर बसलेली, स्वतःचं मूल गेलेली बाई यांत फरक आहे. मुंबईतली मोठी रुग्णालयं काही महापालिकेची, काही वैद्यकीय शिक्षण खात्याची, काही तुमची. आम्ही पालक यातलं कुणाचं काय ते शोधत बसणार नाही, ते तुम्ही एकमेकांत ठरवा. या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. योजनांचे आणि ट्रस्टच्या मदतीचे कागद करण्यातच त्यांचा दिवस जातो. त्यांच्यापैकी एकीच्या कामात एवढं लिहून द्या: मूल गेलेल्या घरी महिन्याने फोन करणं, डॉक्टरांची भेट ठरवणं आणि महिन्यातून एका रविवारी अशा पालकांसाठी एक खोली उघडी ठेवणं. रविवार यासाठी की बापांना सुट्टी असते. खासगी नोकरीतल्या बापाला पोराच्या दुःखासाठी वेगळी रजा कोण देतो?

एका रुग्णालयापासून सुरुवात करा. खोलीत पंखा, खुर्च्या आणि पिण्याचं पाणी पुरे. उद्घाटन, फलक, तुमचा फोटो यांतलं काही नको. येऊन बसायला आम्ही दोघं तयार आहोत, आणि आमच्यासारखी आणखी काही घरं मला याच वॉर्डात ठाऊक आहेत.

आपली,
लालबागची एक आई