पाणी नितळ दिसतंय म्हणून शिंपले सेफ धरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्राचं पाणी लाल झालं की बातमी होते, रात्री लाटा निळ्या चमकल्या की व्हिडिओ फिरतात, आणि चार दिवसांनी पाणी नॉर्मल झालं की सगळे विसरून जातात. विषारी शैवालाचा विषय असा रंगावर सोडून देणं मला फार धोक्याचं वाटतं, म्हणून हे पत्र. ते चमकणारं बऱ्याचदा नॉक्टिल्यूका नावाचा सूक्ष्म जीव असतो, त्याने पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊन मासे मरू शकतात हे खरं, पण शिंपल्यात साठून माणसाला लुळं करणारं विष ते बनवत नाही. आणि डायनोफायसिस नावाचं शैवाल एका लिटरमध्ये दोन-तीनशे पेशी एवढंच असलं तरी शिंपल्यात ओकॅडाइक ॲसिड हे पोट बिघडवणारं विष साठायला पुरतं, तेव्हा पाणी अगदी नितळ असतं, बघून कुणालाच काही कळणार नाही. मग जुलाब, उलट्या, पोटात मुरडा, आणि आपण म्हणतो काहीतरी शिळं खाल्लं असेल, तशीच नोंद होते आणि खरं कारण कुठे लिहिलंच जात नाही.

शिंपले, कालवं, मसल्स नावाचे लांबट शिंपले हे सगळे पाणी गाळून खातात, एक मसल तासाला एखाद-दोन लिटर पाणी सहज गाळतं, त्यामुळे पाण्यात जे विरळ आहे ते मांसात दाट होतं. शिंपल्याला स्वतःला फारसं काही होत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. आणि उकळून, तळून, फ्रीझ करून ही विषं जात नाहीत! हे कितीही वेळा सांगितलं तरी लोकांना पटत नाही, नीट शिजवलंय ना मग झालं, असंच उत्तर मिळतं.

कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंडला 1987 साली मसल्स खाऊन शंभरहून जास्त लोक आजारी पडले, तिघं गेले, आणि काही जणांची अलीकडची स्मरणशक्तीच कायमची गेली. तेव्हा टेस्ट म्हणजे उंदराला अर्क टोचून बघायचं, तर उंदीर नेहमीच्या विषासारखे मरेनात, खांद्यापाशी विचित्र खाजवायला लागले, त्यावरून तिथल्या शास्त्रज्ञांना कळलं की हे काहीतरी वेगळंय, आणि आठवड्याच्या आत त्यांनी डोमोइक ॲसिड शोधून काढलं. ते येत होतं सूडो-निट्झशिया नावाच्या डायटममधून, म्हणजे एका प्रकारच्या सूक्ष्म शैवालातून, ज्याच्याकडे तोपर्यंत कुणी विषारी म्हणून बघितलंच नव्हतं. मला या घटनेतलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की टेस्टिंगची सवय आधीपासून होती, म्हणून नवीन विषही पटकन पकडता आलं, जिथे काहीच तपासत नाहीत तिथे ते कधी कळलं असतं कुणास ठाऊक.

म्हणून पाण्याचं आणि मांसाचं दोन्ही तपासणं पाहिजे, एकावर भागत नाही. पाण्याचं सॅम्पल मायक्रोस्कोपखाली मोजलं की काय वाढतंय ते आधी कळतं, पण साध्या मायक्रोस्कोपला सूडो-निट्झशियाची विषारी जात कोणती आणि बिनविषारी कोणती हे नक्की सांगता येत नाही, त्याला डीएनए टेस्ट नाहीतर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, शिवाय तीच जात कधी विष बनवते कधी नाही. सॅटेलाइटला तर फक्त हिरवेपणा दिसतो, विष दिसत नाही. शेवटी निर्णय मांसावरच घ्यायचा. सॅक्सिटॉक्सिन, म्हणजे माणसाला लुळं करणारं ते विष, किलोभर मांसाला 800 मायक्रोग्रॅम आणि डोमोइक ॲसिड 20 मिलिग्रॅम, या मर्यादा बऱ्याच देशांत ठरलेल्या आहेत, त्यावर गेलं की तो भाग बंद. युरोपात काढणी चालू असताना साधारण दर आठवड्याला सॅम्पल घेतात, आणि बंद केलेला भाग उघडायला किमान 48 तासांच्या अंतराने लागोपाठ दोन रिपोर्ट मर्यादेखाली यावे लागतात. एकदा क्लीन आलं की लगेच उघडा असं नाही, हे मला फार बरोबर वाटतं, कारण मसल्समधून विष काही आठवड्यांत उतरतं पण काही शिंपल्यांत ते महिनोन्‌महिने टिकून राहतं, पाण्यातलं शैवाल केव्हाच गेलेलं असतं तरी.

यावर नेहमी म्हणतात की टेस्टिंगचा गाजावाजा केला तर लोक घाबरतील आणि शिंपले काढणाऱ्यांचं पोट मारलं जाईल. त्यांच्या पोटाची काळजी मलाही आहे, पण सॅम्पल भागवार घेतलं तर एखादाच भाग बंद करून भागतं, आणि काहीच माहिती नसली की एका अफवेवर सगळ्यांचाच माल पडून राहतो. प्रिन्स एडवर्ड आयलंडचंच बघा, एवढं होऊनही तिथला धंदा संपला नाही, कडक तपासणी सुरू झाली आणि आजही कॅनडातले बहुतेक मसल्स तिथूनच येतात.

आपल्याला विनंती एवढीच, हवामान आणि भरती-ओहोटीचा जो चौकोन रोज छापता त्याच्या शेजारी शिंपल्यांच्या तपासणीचे रिपोर्ट पण छापा, कुठला भाग, सॅम्पलची तारीख, उघडा की बंद. आणि रिपोर्ट मिळाले नाहीत तर मिळाले नाहीत असंच छापा, म्हणजे निदान कुणीतरी विचारेल. त्याच्याच खाली कायम दोन ओळी असू द्या, शिंपले खाल्ल्यावर ओठ, जीभ, बोटं बधिर व्हायला लागली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा, सॅक्सिटॉक्सिनवर उतारा नाही पण व्हेंटिलेटरवर श्वास वेळेत सांभाळला तर माणूस वाचतो, आणि घरात उरलेले शिंपले फेकू नका, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, लॅबला तेच लागतात.

आपला,
एक नियमित वाचक