दमछाक नव्हे, ओठछाक

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या अंकात आमच्या कार्यक्रमाचं परीक्षण छापून आलं. शेवटच्या रचनेत ट्रम्पेटवादकाची दमछाक झाली आणि सगळ्यात वरचा सूर फाटला, असं त्यात एक वाक्य आहे. तो सूर माझा. फाटला हेही खरं. आठ जणांच्या आमच्या ताफ्यात ट्रम्पेट एकच, त्यामुळे तो दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवायची सोय नाही. (परीक्षकांनी मला 'तो' केलंय. मागच्या फळीवर, अर्धवट उजेडात, तोंडापुढे पितळ धरून उभी असलेली बाई ओळखू येणार कशी! ते सोडून देऊ.)

सूर फाटला असं लिहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'दमछाक' या शब्दाबद्दल. दम शाबूत होता. गेले होते ते ओठ. हा शब्दच्छल वाटेल, पण एकवीस वर्षं दौरे करताना मला सगळ्यात जास्त भोवलेला गैरसमज हाच आहे. ट्रम्पेट म्हणजे फुफ्फुसांची ताकद, असं एकदा डोक्यात बसलं की आयोजक आमच्या दिवसाची आखणीच चुकीची करतात.

ट्रम्पेटमध्ये नुसतं फुंकलं तर वारा एकीकडून जातो आणि दुसरीकडून निघतो, आवाज येत नाही. ओठ मिटून त्यांच्या फटीतून हवा रेटायची, ओठ थरथरले की मग नळी बोलते. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडून सरळ केली तर दीड मीटरच्या आसपास भरेल. तीन पिस्टन दाबून तिची लांबी सात प्रकारे बदलता येते, वाद्याचं काम तिथे संपतं. बाकी सगळं ओठांवर. एकही पिस्टन न दाबता याच नळीतून सा, प, वरचा सा, ग, प असे सूर निघतात, ते ओठ किती आवळले यावर. खाली हे सूर ऐसपैस बसलेले असतात, वर जावं तशी दाटी होते. त्याच्याही वरच्या सा पर्यंत पोचलात की एका बाजूला लगेच रे आणि दुसऱ्या बाजूला जरासा उतरलेला कोमल नी. ओठ केसभर सैल पडला की पाय शेजाऱ्याच्या घरात. त्या रात्री झालं ते एवढंच. आणि गंमत अशी की वरच्या सुरांना हवा फारशी लागतच नाही. दाब लागतो, आणि तो दाब पेलायला ओठांभोवतीचा स्नायू ताजा लागतो.

आमच्यात याला 'लिप' म्हणतात. 'आज लिप नाही' असं कुणी म्हटलं की पुढे विचारायचं नसतं. लिपचा रोजचा कोटा ठरलेला असतो. सकाळी उधळला तर रात्री उसना मिळत नाही.

आता त्या दिवसाचा हिशेब सांगते. आदल्या रात्रीचा कार्यक्रम दुसऱ्या शहरात, संपला साडेअकराला. खोलीवर पोचायला एक वाजला. साडेचारला बस, मग विमान. विमानातल्या हवेत आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खालीच असते; उतरताना ओठांना कागदासारखी खरखर आलेली असते, कितीही पाणी प्या, काहीही चोपडा. शिवाय काउंटरवरची नेहमीची हुज्जत: ही ट्रम्पेटची पेटी सामानात टाका. मी टाकत नाही. अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने आणि २०१५ पासून लागू झालेल्या नियमाने, जागा असेल तर लहान वाद्य सोबत केबिनमध्ये नेऊ द्यावं लागतं. सगळीकडे असं नाही, त्यामुळे मी हसतमुखाने अडून बसते. १९५३ साली जॅझचे नामवंत वादक डिझी गिलेस्पींच्या ट्रम्पेटवर कुणीतरी पडलं, भोंगा वर वाकला, आणि त्यांना तो आवाज इतका आवडला की पुढे तसेच ट्रम्पेट बनवून घेतले. माझाही एकदा सामानातून वाकून आला होता. आवाज नुसता खराब झाला होता, बाकी काही नाही.

मंचावर पोचलो दोनला. पेटी उघडली तर पाणी काढायच्या झडपेचा बूच गायब. लोकांना वाटतं आम्ही त्यातून थुंकी काढतो; ते बहुतेक श्वासातली वाफ थंड होऊन साचलेलं पाणी असतं. बूच नसला की झडप बसत नाही, हवा फुसकते आणि अर्धे सूर उमटतच नाहीत. माझ्याकडे जादा बूच होते, ते संपले होते. कीबोर्डवाल्याच्या पेन्सिलीमागचं रबर ब्लेडने गोल कापलं, थुंकी लावून (ही मात्र खरीच थुंकी) खाचेत दाबलं, वरून पातळ रबरबँड. पाऊण तास गेला. कार्यक्रम त्या पेन्सिलीच्या रबरावर झाला, आणि परीक्षणात त्याचा उल्लेख नाही ही त्याला मिळालेली सगळ्यात मोठी दाद आहे.

चार ते सहा साउंडचेक. सूर फाटला तो खरं म्हणजे इथे. आवाजवाल्यांना पातळी ठरवायची म्हणून शेवटची रचना पूर्ण हवी. मग प्रकाशयोजनेसाठी पुन्हा. मग आयोजकांचे कुणी पाहुणे उशिरा आले, त्यांना 'जरा शेवट दाखवा' म्हणून तिसऱ्यांदा. त्या रचनेत माझे चौदा वरचे सूर आहेत. म्हणजे पडदा उघडायच्या आधीच बेचाळीस. गायिकेला घसा राखायचा असतो, ती साउंडचेकला गुणगुणते, आणि ते सगळ्यांना समजतं. मी एक सप्तक खाली वाजवायला लागले तर समोरून हात हलतो: अहो, नीट वाजवा, आवाज येत नाहीये.

इथे थोडं माझंही चुकलं, तेही लिहिते. पहिल्या खेपेला शेवटचा सूर स्वच्छ लागला तेव्हा दिवे लावणाऱ्या मुलांनी शिडीवरून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या खेपेला मी तो सूर गरजेपेक्षा लांबवला. चौघांच्या टाळ्यांसाठी आठशे माणसांचा सूर खर्च केला. सांगणार कुणाला, म्हणून तुम्हाला सांगतेय.

मंच उघड्यावर होता आणि आठनंतर गारठा वाढला. आमचं वाद्य गार पडलं की सूर उतरतो, अंशामागे साधारण तीन सेंट. (लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे सेमीटोन, त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट.) दुपारपेक्षा पारा पंधरा अंशांनी खाली आला तर जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा फरक. व्हायोलिनच्या तारा गारठ्यात उलट चढतात, आणि कीबोर्ड आपला जिथे होता तिथेच ढिम्म. मधल्या ओळींत मला विश्रांती असते, तेव्हा मी नळीत गरम श्वास सोडत राहते, पिस्टन मुठीत धरून ठेवते. ट्यूनिंगची स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, पूर्ण आत ढकलून झाली की उरलेली तूट ओठ आवळून भरून काढायची. म्हणजे ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याच्याकडूनच वसुली. दहा वाजून दहा मिनिटांनी शेवटची रचना सुरू झाली. दुसऱ्याच ओळीला मला कळलं होतं. वरच्या ओठाचा मधला भाग बधिर झाला की कळतं. माउथपीस, म्हणजे ओठांना टेकवायचा तुकडा, तिथे आहे हे समजतं, ओठ आहे हे समजत नाही. अशा वेळी हात आपोआप माउथपीस तोंडावर जोरात दाबतो. एक-दोन सूर त्यावर निघतातही, पण रक्तपुरवठाच दाबला गेल्यावर तिसरा निघत नाही. मी दाबला. सूर फाटला.

हे दुखणं नवं नाही. जॅझचे थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या ओठांचे हाल प्रसिद्ध आहेत. ट्रम्पेटवादकांच्या ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याला त्यांच्याच टोपणनावावरून 'सॅचमो सिंड्रोम' म्हणतात. १९८२ मध्ये एका प्लास्टिक सर्जनने हे नाव दिलं. जॅझ ट्रम्पेटवादक चेट बेकर यांचे दात १९६६ मधल्या मारहाणीनंतर गेले, आणि कवळी बसवून त्यांना वाजवणं पुन्हा शिकावं लागलं. माझं सुदैवाने तसलं काही नाही. मला फक्त सुजलेला ओठ आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम असतो.

कुणी म्हणेल, मग दोन दिवस सुट्टी घ्या. घेतली तर तिसऱ्या दिवशी सूर भरड येतो, जागेवर यायला आणखी दोन दिवस जातात. म्हणून सुट्टीच्या दिवशीही वीस मिनिटं लांब, हळू सूर धरावेच लागतात. हॉटेलात शेजारी झोपलेले असतात. आवाज दाबणारा सरावाचा म्यूट भोंग्यात खुपसायचा, कपड्यांचं कपाट उघडायचं आणि टांगलेल्या कोटांमध्ये भोंगा घालून वाजवायचं. लोक विचारतात, इतकी शहरं पाहिलीत, कसं वाटतं? मला शहरांपेक्षा त्यांची कपाटं जास्त आठवतात. एकदा साफसफाईला आलेली बाई दारातच थबकली. मी कपाटात डोकं घालून उभी, आतून डासासारखा बारीक आवाज. तिने दार हळूच ओढून घेतलं.

आपल्या वाचकांत कार्यक्रम भरवणारे बरेच असतील, म्हणून एवढंच मागते. आमच्या वरच्या जागा साउंडचेकच्या सुरुवातीला, एकदाच, वाजवून घ्या आणि आम्हाला सोडा. वीस मिनिटांत होतं. नंतर दिव्यांसाठी लागेल तितके वेळ मी जागेवर उभी राहीन, बोटं चालवीन, ओठ नाही. पाहुण्यांना शेवट बघायचा असेल तर शेवटी थांबवा. मंच उघड्यावर असेल तर माझ्या पायाशी एक हीटर ठेवा, व्हायोलिनवाल्यांचीही ना नसेल. परीक्षकांना मात्र सूट मागत नाही. सूर फाटला तर फाटला असंच लिहावं, तिकीट काढून आलेल्याला तो फाटकाच मिळालेला असतो. फक्त दम मध्ये आणू नये.

येत्या शनिवारी पुढचा कार्यक्रम आहे, पुन्हा उघड्यावरच. साउंडचेक पाच वाजता. शेवटची रचना मी एक सप्तक खाली वाजवणार आहे, मिक्सरवर बसणाऱ्या मुलाला आधीच सांगून ठेवलंय. बूच नवे घेतलेत, सहा. परीक्षक येणार असतील तर त्यांनी आठला यावं, पाचला नको.

आपली,
एक ट्रम्पेटवादक
(नाव छापू नये. माझं कळलं तर आयोजकांचंही कळेल, आणि त्यांचे पैसे अजून यायचे आहेत.)