पुराची नोंद लग्नाच्या पाकिटात

संपादक महोदय,

जून उजाडला की शिरोळ तालुक्यात पूररेषेवरून वाद सुरू होतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कोणाचे घर कोणत्या रेषेत, यावर बांधकाम परवाना अडतो. आकडे मात्र आपण बाहेरचे वापरतो. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ आणि ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच दिवशी कुरुंदवाडच्या एखाद्या बोळात पाणी कितव्या पायरीला होते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळते गावातल्या फोटोवाल्याच्या निगेटिव्हवरून, आणि ती निगेटिव्ह आज माळ्यावर पत्र्याखाली तापत पडली आहे.

जुन्या स्टुडिओची पद्धत ठरलेली असे. रजिस्टरात अनुक्रमांक, गिऱ्हाइकाचे नाव, तारीख, साइज, किती कॉपी, आगाऊ किती. तोच अनुक्रमांक खाकी पाकिटावर, पाकिटात निगेटिव्ह. १२० नंबरच्या फिल्मरोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा फ्रेम येत. रोल संपल्याशिवाय धुवायला घ्यायचा नाही, म्हणून लग्नात आठ-नऊ वापरल्या की उरलेल्या समोर जे दिसेल त्यावर जात : बाजार, कुस्तीचा फड, शाळेचे संमेलन, घाटाला लागलेले पाणी. त्यामुळे पाकिटावर 'लग्न' लिहिलेले असते आणि पूर अकराव्या-बाराव्या फ्रेममध्ये निघतो. नावे वाचून पाकिटे निवडणारा माणूस नेमके हेच फेकून देतो. भंगारवाला काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह चांदीसाठी किलोवर घेतो. रंगीत फिल्ममध्ये धुतल्यावर चांदी उरतच नाही, त्या सरळ कचऱ्यात जातात. आणि रजिस्टर रद्दीत गेले, की पाकिटावरचा नंबर मुका होतो. म्हणून काही करायचे तर आधी रजिस्टराच्या पानापानाचा फोटो काढावा, मोबाइल पुरतो.

नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा तर या कामासाठी फार मोलाचा. दत्तमंदिरातल्या पादुकांवरून नदीचे पाणी वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की भाविकांची गर्दी होते आणि फोटोला मागणी येते. साहजिकच त्याच जागेचे, वर्षावर्षांचे फोटो या भागातल्या स्टुडिओंत सापडतात. पादुकांची उंची बदलत नाही, म्हणून एका वर्षाचा फोटो दुसऱ्या वर्षाशी ताडता येतो. फक्त तारीख हवी.

फोटोवरून पाणी मोजताना दोन चुका हमखास होतात. पहिली, रस्त्यापासून मोजणे. काँक्रीटचा एकेक थर चढून रस्ते वर आले आहेत. मोजायचे ते उंबऱ्यापासून, खिडकीच्या चौकटीपासून किंवा घडीव दगडाच्या थरांवरून. फोटोत पाण्याची कड भिंतीला जिथे टेकते त्याच्या वर किती थर कोरडे आहेत ते मोजावे, त्या जागी जाऊन टेप लावावा आणि मग सर्व्हेअरकडून डम्पी लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) ती उंची पक्क्या खुणेशी जोडून घ्यावी. जुने घर पाडण्याआधी एवढे झाले तर बरे. घर गेले की फोटोतली पट्टीच गेली.

दुसरी चूक, फोटोतली पातळी हीच सर्वांत वरची समजणे. पाणी चढताना फोटोवाला सामान वर टाकत असतो, तो बाहेर पडतो ते बहुधा पाणी उतरू लागल्यावर. भिंत बारकाईने पाहावी. वळचणीखालच्या, पाऊस न लागणाऱ्या भिंतीवर पाण्याच्या वर ठळक काठाचा ओला पट्टा दिसत असेल तर पाणी उतरते आहे, आणि पट्ट्याची वरची कड ही आधीची पातळी. पाण्यापर्यंत भिंत कोरडी असेल तर पाणी अजून चढते आहे. हे बारकावे मूळ निगेटिव्हमध्ये दिसतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या चित्रात पुसले जातात.

इथे एक गंमत आहे. २००५ च्या पुराची फिल्म आज २०१९ च्या मोबाइल फोटोंपेक्षा कामाची ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, शिवाय वेळ आणि ठिकाणाची नोंद गळून पडते. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर दोन्ही टिकते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल तर त्याच कॅमेऱ्याने मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो घेऊन ठेवावा. फरक कळला की सगळ्या वेळा दुरुस्त होतात.

आता भिजलेल्या फोटोंविषयी, कारण पुन्हा पूर येणार आणि पुन्हा लोक अल्बम उन्हात टाकणार. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा. तो पाण्यात फुगतो आणि बोट लागले तरी सुटतो. गठ्ठा तसाच वाळला तर प्रती एकमेकींना, नाहीतर फ्रेमच्या काचेला कायमच्या चिकटतात. म्हणून सुटे करता येईपर्यंत ते स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवावेत, पाणी बदलत राहावे आणि शक्यतो ४८ तासांच्या आत काम उरकावे. त्यानंतर बुरशी धरते, थर विरघळू लागतो. गाळ पुसायचा नाही. पुराच्या गाळात बारीक वाळू असते, तिने चरे पडतात. पसरट ट्रेमध्ये एका कडेने पाणी सोडावे, फोटो दोन कडांना धरून हलवावा, गाळ आपोआप निघतो. मग चित्र वर ठेवून सुती कापडावर सावलीत वाळवावा. निगेटिव्ह कडेला चिमटा लावून दोरीवर टांगाव्यात. हेअर ड्रायर नको. फोटो वळला तरी चालेल, वळण नंतर काढता येते.

हात अपुरे असतील तर प्रतींमध्ये मेणकागद घालून पिशवीत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवता येतात. काचेच्या प्लेट्स मात्र गोठवायच्या नाहीत. इंकजेटवर छापलेले फोटो पाण्यात बुडवू नयेत, शाई पसरते. ओल्या हार्ड डिस्कला वीज देऊ नये.

कोरड्या निगेटिव्ह धुण्याचा मोह टाळावा. चेहऱ्यांवर शिसपेन्सिलीने रिटचिंग केलेले असते, ते पाण्याने जाते. ब्लोअरने धूळ उडवली की पुरे. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म वेगळी काढावी. तिचा सडका वायू शेजारच्या फिल्मलाही खातो. स्कॅन करताना २४०० पीपीआय (इंचाला इतके पिक्सेल) ठेवले तर ३५ मिमीच्या फ्रेमला सुमारे ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात, सहा बाय सहाच्या फ्रेमला दोन्ही बाजूंनी ५००० च्या वर. फ्रेमभोवतीची काळी कड कापू नये, तिच्यावर 'इंदू'सारखे फिल्मचे नाव आणि फ्रेमचा क्रमांक असतो. कोणता फोटो आधी, कोणता नंतर, हे त्याच क्रमांकावरून ठरते.

हक्काचा प्रश्न निघतोच. वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क गिऱ्हाइकाचा, फोटोवाल्याने स्वतःहून काढलेल्या पुराच्या फोटोचा त्याचा स्वतःचा. त्यामुळे पुराच्या फ्रेम घेताना त्याच्याकडून दोन ओळींचे संमतिपत्र घ्यावे आणि प्रत्येक प्रतीखाली त्याचे नाव छापावे. लग्नाच्या फ्रेम त्या त्या घराला विचारल्याशिवाय कुठेही लावू नयेत.

नगरवाचनालयांनी वरच्या मजल्यावर, पण पत्र्याखाली नव्हे, एक कपाट या पाकिटांसाठी मोकळे करावे. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्यात. स्टुडिओ बंद करणारे आज दुकान रिकामे करताना पहिल्यांदा माळाच उतरवतात, तेव्हा कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे गावातल्या प्रत्येक फोटोवाल्याला माहीत असले पाहिजे.

— एक वाचक, कुरुंदवाड (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर)