‘ताई, आधी तो फोटो काढा’

प्रिय भाऊ,

तुमचं आडनाव मला अजून माहीत नाही. त्या रात्री घाईत नंबर सेव्ह करताना ‘अमरावती भाऊ एपीआय’ असं लिहिलं होतं, तेच नाव फोनमध्ये आहे. आमच्यासाठी कोड लिहिणारा एआय एजंट आणि आमच्या एपीआयचं (दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या ठरलेल्या पद्धतीचं) डिझाइन, यांची तुम्ही लावून दिलेली जोडणी चालू होऊन आज अकरा दिवस झाले. आमच्या हिशेबात सांगायचं तर दूध संस्थेचं दहा दिवसांचं एक बिल निघालं आणि दुसरं सुरू झालं. बिल तंतोतंत निघालं, आणि मग मला जरा रडू आलं. ते ओसरायच्या आत हे पत्र लिहायला बसले आहे.

आम्ही तिघं मिळून कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहितो, हे तुम्हाला सांगितलं होतं. पण त्या रात्री मी इतकी का घाबरले होते, ते सांगायचं राहून गेलं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ) धरून बोलला जातो, म्हशीच्या दुधाचा ६ आणि ९. त्याखाली एकेक पॉइंट गेला की शेतकऱ्याचे पैसे कापले जातात. काही वेळा मशीन फॅट सांगतं आणि एसएनएफ मोजायचं राहून जातं. आमच्या एपीआयच्या डिझाइनमध्ये अशा वेळी ती जागा रिकामी ठेवायची असं ठरलेलं आहे. एआय एजंटनं कोड लिहिताना तिथे शून्य धरलं. शून्य एसएनएफचं दूध म्हणजे पाणीच की! चाचणीत सापडलं म्हणून निभावलं. एरवी पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्या बाईच्या बिलात ते शून्य गेलं असतं आणि संस्थेच्या काउंटरवर चार माणसांसमोर तिला ‘दुधात पाणी घालतेस का’ असं ऐकावं लागलं असतं.

एजंटचा तरी काय दोष म्हणा. खरं डिझाइन, आम्ही ते लिहून ठेवतो त्या प्लॅटफॉर्मवर होतं आणि एजंट आमच्या संगणकावर बसून फक्त कोड बघत होता. जे दिसत नव्हतं ते त्यानं अंदाजानं भरलं. म्हणून त्या दोघांना जोडायचं, एजंटनं प्रत्येक वेळी मूळ डिझाइन वाचूनच हात चालवायचा, एवढंच मला हवं होतं. आणि तीन दिवस ते जमत नव्हतं. त्या दोघांमधला दुवा असलेला सर्व्हर सुरू झाल्यासारखा दिसायचा आणि एजंट म्हणायचा, सर्व्हरकडे मला वापरता येईल असं एकही साधन सापडलं नाही.

त्या तीन दिवसांत कोण कसं वागलं तेही इथे लिहिते, कारण त्याशिवाय तुमची किंमत कळणार नाही. एका सल्लागारानं आगाऊ पैसे घेतले आणि दोन दिवसांनी एक लिंक पाठवली. ती मी आधीच तीनदा वाचली होती. नंतर फोन उचलला नाही. आपल्या प्रोग्रामरांच्या ग्रुपवर मी रविवारी संध्याकाळी कॉन्फिग फाइलचा, म्हणजे जोडणीच्या सेटिंग्जचा, स्क्रीनशॉट टाकला. ‘डॉक्युमेंटेशन वाचा’ असं चौघांनी लिहिलं. एकानं ‘बेसिक कच्चं असलं की असं होतं’ लिहिलं आणि त्याला सात अंगठे मिळाले. दोनशेच्या वर माणसं आहेत तिथे. त्या चित्रात माझं टोकन, म्हणजे प्लॅटफॉर्मची किल्लीच, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्पष्ट दिसत होतं आणि आमच्या सगळ्या प्रकल्पांत लिहायचे, पुसायचे अधिकार त्या टोकनला होते. माझी चूक दाखवायला इतक्या जणांनी ते चित्र मोठं करून पाहिलं, पण टोकन उघडं पडलंय हे सांगावंसं एकालाही वाटलं नाही.

मंगळवारी रात्री पावणेअकराला तुमचा मेसेज आला. ग्रुपवर नव्हे, मला एकटीला. ‘ताई, आधी तो फोटो काढा ग्रुपवरून. टोकन दिसून राहिला. रद्द करून नवीन घ्या, मग आपण बघू.’

भाऊ, पुढे तुम्ही पुष्कळ केलंत, पण मनात घर करून बसलंय ते हेच. हेच वाक्य तुम्ही ग्रुपवर लिहिलं असतं तर तुमचं नाव झालं असतं आणि माझी उरलीसुरली लाज गेली असती. तुम्ही ते माझ्या कानात सांगितलंत. रस्त्यात एखादीच्या पदराला काही लागलेलं असावं आणि दुसऱ्या बाईनं जवळ येऊन हळूच सांगावं, तसं. मी फोटो काढल्यावर तुम्ही ग्रुपवर एवढंच लिहिलंत, ‘ताईंशी बोलतोय मी.’ का, कशाबद्दल, काही नाही. त्यानंतर तिथे कुणी एक शब्द बोललं नाही.

नवीन टोकन घेताना तुम्ही विचारलंत, ‘एजंटला डिझाइन वाचायचंच आहे ना? मंग लिहायची परवानगी कायले?’ किती साधं! मला सुचलं नव्हतं. आता त्याच्याकडे फक्त वाचायची किल्ली आहे.

खरा घोटाळा सापडायला तुम्हाला वीस मिनिटंही लागली नाहीत. एजंट आणि सर्व्हर ज्या एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) पद्धतीनं बोलतात, तिच्यात एकाच संगणकावर चालणाऱ्या सर्व्हरचं सगळं बोलणं त्याच्या स्टँडर्ड आउटपुटवरून, म्हणजे प्रोग्राम एरवी जे छापतो त्या वाटेवरून, जातं आणि त्या वाटेवर जेसन-आरपीसी या ठरावीक साच्यातल्या संदेशांखेरीज एक अक्षरही चालत नाही. सर्व्हर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी स्वतःच्या सोयीसाठी ‘सुरू झालं’ असं छापणारी एक ओळ ठेवली होती. दुधात मिठाचा खडा पडावा तसं झालं होतं. तुम्ही ती ओळ एरर आउटपुटच्या वेगळ्या वाटेकडे वळवायला सांगितलीत आणि एजंटला सगळी साधनं दिसली. तेव्हा मी ओरडले आणि आतल्या खोलीतून सासूबाई उठून आल्या. तुम्हीही फोनवर ऐकलं असेल.

तिथे फोन ठेवता आला असता. तुम्ही म्हणालात, ‘आता त्याला एसएनएफबद्दल विचारून पाहा.’ विचारलं तर एजंट म्हणाला, ही जागा रिकामी असू शकते, पण रिकामी का हे लिहिलेलं नाही. आमच्या डिझाइनमध्ये वर्णनाचे सगळे खण कोरे होते. आम्हा तिघांना माहीत होतं, मग लिहायचं कुणासाठी? ‘त्याले कसं माहीत असन ताई? नव्या पोराले सांगता तसं लिहा,’ असं तुम्ही म्हणालात. मी विचारलं, मराठीत लिहिलं तर चालेल? तुम्ही म्हणालात, लिहून तर बघा. मी लिहिलं: ‘मशीनने एसएनएफ मोजले नसेल तर ही जागा रिकामी राहते. रिकामी म्हणजे शून्य नव्हे. अशा नोंदीचा दर काढू नये, ती सचिवांकडे पाठवावी.’ एजंटनं ते वाचलं आणि पुढचा कोड तसाच लिहिला. माझ्या भाषेतलं, माझ्या गावच्या व्यवहारातलं वाक्य त्यानं पाळलेलं पाहून मला काय वाटलं, ते नीट सांगता येत नाही.

त्यानंतर मी या जोडणीमागच्या गोष्टी थोड्या वाचल्या. एपीआयचं वर्णन लिहायची जी रीत आपण वापरतो, ती आधी स्वॅगर नावानं वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीत टोनी टॅम यांनी सुरू केली. पुढे ती स्मार्टबेअर कंपनीकडे आली आणि २०१५ मध्ये त्यांनी ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या ओपनएपीआय इनिशिएटिव्हला देऊन टाकली. एमसीपीही अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुलीच जाहीर केली. कुणीतरी आपलं कुलूपबंद न ठेवता सगळ्यांच्या अंगणात ठेवलं, म्हणून माझ्यासारखीच्या दोन यंत्रांना एकमेकांचं बोलणं कळलं. कंपन्यांची आपापली गणितं असतील, मला त्यात शिरायचं नाही. पण आपल्याला कळलेलं दुसऱ्याला मोकळ्या हातानं देणारी माणसं नसती तर यातलं काहीच उभं राहिलं नसतं, आणि त्या रांगेत मी तुम्हालाही धरते. मोठ्या पगाराच्या, मोठ्या पदाच्या माणसांनी ज्याला ‘बेसिक’ म्हणून हिणवलं, त्यासाठी तुम्ही रात्री साडेबारापर्यंत जागलात. दुसऱ्या दिवशी तुमची सकाळची पाळी होती, हे बोलता बोलता निसटलं तुमच्या तोंडून.

पैशांचं मी दोनदा विचारलं, तुम्ही दोन्ही वेळा विषय बदललात. सासूबाई म्हणतात, खरवस पाठव. पण आमच्या म्हशीचा खरवस अमरावतीपर्यंत टिकायचा नाही. म्हणून गुळाची एक ढेप आणि घरच्या तुपाची बरणी बांधून ठेवली आहे. बरणीवर सासूबाईंनी स्वतःच्या हातानं ‘भाऊ’ एवढंच लिहिलंय. पत्ता आणि आडनाव तेवढं कळवा.

तुमची,
दूध संस्थेवाली ताई